दोन ‘ढ’ मुलगे

आमच्या घरात दोन मुलगे ‘ढ’ निघाले. हे वाक्य माझे नव्हे. चवथीला सगळे कुटुंब गावच्या घरी जमले की माटोळीखाली बसून वडीलधारी मंडळी जे बोलत, त्यातले ते एक. पहिला माझ्या काकांचा मुलगा, जन्म १९६८चा. दुसरा माझ्या बहिणीचा, जन्म १९९४चा. पहिल्याला आम्ही सगळे बाबू म्हणत आलो, म्हणून इथेही बाबूच. दुसऱ्याला नुसता भाचा म्हणेन. तो आता मोठा झाला आहे आणि मामा आपल्यावर लिहितो आहे हे कळल्यावर त्याची तेवढीच अट होती.

मी पेशाने मराठीचा शिक्षक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्यामुळे अधिक लाजिरवाणे ठरते. या दोन मुलांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे समजायला मला वयाची अडतीस वर्षे लागली. तोवर हजेरीपटावरच्या किती नावांपुढे मी मनातल्या मनात ते एक अक्षर लिहिले असेल, कोण जाणे.

आणि ‘ढ’च का? ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, एकटे ढ होते तसेच राहिले, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी उपपत्ती सांगतात. ऐकायला छान आहे. वर्गात मीही ती कौतुकाने सांगत असे. मागच्या बाकांवरची मुले त्या वेळी हसत नसत, हे आता आठवते.

बाबूचा जन्म घरीच झाला. फोंडा तालुक्यातले आमचे गाव, दिवस पावसाचे, सुईण हाताशी. काकीला दोन दिवस कळा येत होत्या. मूल बाहेर आले ते निळे पडलेले, रडलेच नाही. पुष्कळ वेळाने रडले तेव्हा सगळ्यांनी देवाला हात जोडले. त्या अवधीत मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता, त्याचा परिणाम जन्मभर राहू शकतो, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. आमच्या घरात मात्र वेगळे कारण ठरले. काकी पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली होती म्हणे. देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणी घालून झाली, कुणी सांगितले म्हणून एका घाटावरच्या वैद्याचा काढाही झाला. दोष काकीवरून काही उतरला नाही. ती स्वतःही मरेपर्यंत त्या ग्रहणाची तिथी विसरली नव्हती.

कारणे पुष्कळ असतात आणि अनेकदा सापडतही नाहीत. कधी गुणसूत्रात फरक असतो, डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. कधी बाळपणी मेंदूज्वर होतो. कधी बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. यातले शेवटचे कारण मनाला फार लागते, कारण जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते ओळखता येते, आणि पहिल्या काही आठवड्यांत स्वस्तातली एक गोळी सुरू केली तर मूल इतरांसारखे वाढते. गोव्यात २००८ साली सरकारने नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. ग्रहणाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. पण बाबू चालायला लागला तिसऱ्या वर्षी आणि बोलायला लागला पाचव्या, तोवर गावाने ग्रहणावर शिक्कामोर्तब करून टाकले होते.

जून १९७४ मध्ये बाबू शाळेत गेला. पंधरा दिवसांनी मास्तरांनी त्याला हाताला धरून घरी आणून सोडले. मास्तर वाईट नव्हते. एका खोलीत चार इयत्ता, एकटा माणूस. बाबू वर्गातून उठून चिंचेखाली जाऊन बसायचा. ‘वहिनी, ह्याला ठेवून ह्याचाही वेळ जाईल आणि माझाही,’ असे ते काकीला म्हणाले. काकीने त्यांना चहा दिला. एवढाच तो प्रसंग. दोन वर्षांनी मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा मला बाबूची पाटी मिळाली. जवळजवळ कोरी होती.

पुढे बाबू कुळागरात पाणी लावायचा, पडलेल्या सुपाऱ्या वेचायचा, नारळ सोलायचा. दर सोमवारी आमच्या देवळात पालखी असते, त्या संध्याकाळी कुणी बोलावण्याआधी तो दिवट्यांच्या तेलाचा डबा घेऊन हजर. कुठल्या घरी कुठला सण कसा होतो, कुणाचे कुणाशी बोलणे बंद आहे, हे त्याला सगळे ठाऊक. पैशांचा हिशेब मात्र कळत नसे. नोट दिली की तो दुकानदार देईल ते सुटे घेऊन यायचा.

गावाने त्याला सांभाळून घेतले, असे आम्ही आजही अभिमानाने सांगतो. अर्धे खरे आहे. जत्रेत त्याला फेणी पाजून नाचवले तेही याच गावाने. परक्या पाहुण्याने विचारले की ‘तो पिसो मरे’ असे हसत सांगायचे तेही आमचेच लोक. आणि आमच्या घराचे काय? बाबू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या पाठच्या भावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. बाबूला कधी कुणी दादा म्हटले नाही. कुणी ठरवून केले नाही हे, पण कुणाच्या लक्षातही आले नाही.

२००२ साली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आली. दिव्यांगांनाही महिन्याला पैसे मिळतात असे कळल्यावर पुढच्या वर्षी काकीने बाबूच्या दाखल्याचा ध्यास घेतला. मी त्यांना घेऊन इस्पितळात गेलो. एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाबूला तासभर बसवून प्रश्न विचारले, ठोकळे मांडायला लावले. आज वार कोणता, या प्रश्नाला बाबू म्हणाला, ‘पालखी.’ सोमवार होता. मी मध्येच म्हणालो, ‘मॅडम, बरोबर आहे त्याचे.’ त्यांनी मला गप्प बसवले, पण नंतर बाहेर येऊन नीट समजावून सांगितले. त्यांनी सांगितले ते आधीच कुणी सांगायला हवे होते.

बुद्ध्यंक ही त्यातली एक बाजू. साधारण सत्तरच्या खाली बुद्ध्यंक आला तर बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. पण तेवढ्यावर निदान करायचे नसते. रोजचे जगणे माणूस किती पेलतो, म्हणजे कपडे, जेवण, रस्ता, पैसा, माणसांशी वागणे, हे वेगळे मोजायचे असते, आणि ही अडचण वाढीच्या वयातच सुरू झालेली असावी लागते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती आली. तिने तर सौम्य, मध्यम, तीव्र या पायऱ्या बुद्ध्यंकावरून न ठरवता रोजच्या व्यवहारावरून ठरवायला सांगितले. बाबूची ‘पालखी’ बुद्ध्यंकाच्या कागदावर चूक ठरली असेल. पण त्याच उत्तरावरून बाईंना दुसऱ्या कागदासाठी काहीतरी कळले होते.

आपल्याकडे दाखल्यासाठी पुष्कळ ठिकाणी जी चाचणी वापरली जाते ती बिने-कामत चाचणी. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली मूळ चाचणी केली ती शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. मुलांना शाळेबाहेर काढण्यासाठी नव्हे. आणि कामत म्हणजे व्ही. व्ही. कामत. त्यांनी १९३०च्या दशकात तत्कालीन मुंबई-कर्नाटक भागातल्या, म्हणजे धारवाड-बेळगावकडच्या मुलांसाठी ती मराठीत आणि कन्नडमध्ये बसवली. १९४० साली त्यावर त्यांचे पुस्तक निघाले. आपल्या शेजारच्या मुलखात आपल्या भाषेत हे काम झालेले आहे, आणि मराठीचा शिक्षक असून मी त्यांचे नावही ऐकले नव्हते.

आता भाचा. याचा बोलण्यात हात कुणी धरत नसे. चार वर्षांचा असताना दशावताराचा अख्खा प्रवेश करून दाखवायचा. आजीच्या गोष्टी पाठ. रेडिओ उघडून जोडायचा, आणि तो वाजायचा. घरात कोकणी, शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, हा आपल्याकडच्या हजारो मुलांचा ठरलेला मार्ग. चौथीपर्यंत ‘वाचन सावकाश, अक्षर गचाळ’ एवढीच तक्रार होती. पाचवीत इंग्रजी आले आणि सगळे कोसळले. शाळा म्हणाली, माध्यम बदलले की असे होते, मराठी शाळेतल्या मुलांचे हे नेहमीचेच. बहीण म्हणाली, मे महिन्यात तुझ्याकडे पाठवते.

मे २००५. रोज सकाळी ओटीवर दोन तास मी त्याला घेऊन बसलो. म्हटले, आधी मराठी पक्के करू. एक परिच्छेद वाचायला दिला. त्याने ‘कलम’चे ‘कमल’ केले, ‘भाट’ला ‘माट’ म्हणाला, ‘धन’चे ‘घन’. पहिले अक्षर बघायचे आणि पुढचे अंदाजाने ठोकायचे, ही त्याची रीत. तोच परिच्छेद मी वाचून दाखवला की त्यावरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे अचूक. म्हणजे कळते, आणि लक्ष देत नाही, असा मी निष्कर्ष काढला. दहाव्या की बाराव्या दिवशी ‘सूर्य’ हा शब्द त्याने सात वेळा सात प्रकारे लिहिला. मी त्याच्या कानशिलात मारली. तो रडला नाही. ‘म्हाका येना, मामा,’ एवढेच म्हणाला. मी म्हणालो, ‘येत कसे नाही? काल आले होते.’

त्या उत्तरातच सगळे होते, पण मला ते ऐकू आले नाही. काल येते आणि आज येत नाही, हे आळशीपणाचे लक्षण आम्ही शिक्षक मानतो. खरे तर ते या अडचणीचे अगदी ओळखीचे लक्षण.

२००७च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ आला. बहिणीने तो पणजीत पाहिला आणि रात्री मला फोन केला. बोलता येईना तिला. जानेवारीत भाच्याची तपासणी झाली. आधी डोळे, मग कान, मग बुद्ध्यंक, तो सरासरीच्याही वर निघाला. मग मराठी आणि इंग्रजी वाचन-लेखन वेगवेगळे तपासले. आठवीतला मुलगा चौथीच्या पातळीवर वाचत होता. नाव दिले विशिष्ट अध्ययन अक्षमता. त्यातला वाचनाचा प्रकार म्हणजे डिस्लेक्सिया.

ही काही नव्या जमान्याची फॅशन नव्हे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. हुशार मुलगा, बीजगणित जमते, आणि स्वतःचे नाव लिहिताना अक्षरे उलटी पडतात. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. म्हणजे मी भाच्याला मारले तेव्हा ही गोष्ट छापून १०९ वर्षे झाली होती.

देवनागरी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून आपल्या मुलांना हा त्रास होत नाही, असे मी पुष्कळ शिक्षकांकडून ऐकले आहे. ते खरे नाही. ज्या लिपीत अक्षराचा उच्चार पक्का असतो तिच्यात या मुलांच्या चुका कमी दिसतात, पण वाचन अतिशय संथ राहते. इंग्रजीत त्याच मुलाच्या चुकांचा पाऊस पडतो. भाच्याचे दुखणे चौथीपर्यंत दबून राहिले ते म्हणूनच. आणि देवनागरीच्या आपल्या खोडी आहेतच. ‘पि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. भ-म, घ-ध, थ-य, ब-व ही जोडपी पहा. आणि र? ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘ट्रक’मध्ये पायाशीच पण वेगळ्या रूपात, ‘दऱ्या’मध्ये आडवा होतो. चार ठिकाणी चार सोंगे घेतलेले एकच अक्षर. आम्हाला हे कधी खटकले नाही, कारण आमच्या मेंदूने ते आपोआप गिळले. ज्याचा मेंदू ते गिळत नाही त्याला प्रत्येक सोंग स्वतंत्रपणे, वेळ घेऊन शिकवावे लागते.

तसे शिकवणाऱ्या एक विशेष शिक्षिका त्याला मिळाल्या. रव्याच्या ताटात बोटाने अक्षर काढायचे, काढताना मोठ्याने म्हणायचे. शब्द आधी कानाने तोडायचा, मग हाताने लिहायचा. एकट्या रफारावर तीन आठवडे. मला हसू आले होते. तीन आठवड्यांनी त्याने ‘सूर्य’ लिहिला, दुसऱ्या दिवशीही लिहिला. दहावीला त्याला जादा वेळ मिळाला आणि तो पास झाला. डिस्लेक्सिया गेला नाही, तो जात नसतो. आजही तो मला लिहून काही पाठवत नाही, फोनवर आवाज भरून पाठवतो. वातानुकूलन यंत्रे बसवण्याचा त्याचा धंदा म्हापशात बरा चालतो, बिलांसाठी एक मुलगी ठेवली आहे.

तर असे दोघे. बाबूला अख्ख्या जगाचाच वेग जास्त होता. त्याला हवे होते छोटे छोटे टप्पे, तीच गोष्ट शंभर वेळा, आणि घाई न करणारा माणूस. नाणी ओळखणे, दहाची नोट देऊन किती परत यायला हवे, बसचा फलक ओळखणे. पर्वरीच्या संजय स्कूलमध्ये किंवा ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानमध्ये अशी मुले काय काय शिकतात हे मी पुढे पाहिले आणि बाबूची कोरी पाटी डोळ्यांसमोर आली. भाच्याला मात्र जग कळत होते, अडले होते ते एका दारापाशी. त्याला ‘हळू शिकणारा’ म्हणून खालच्या वर्गात बसवले असते तर तेही चुकीचेच ठरले असते. दोघांवर आम्ही एकच औषध केले. लाज, आणि अधूनमधून मार.

शिवाय वर्गात तिसरीही मुले असतात. बुद्ध्यंक सत्तर ते पंच्याऐंशीच्या मध्ये, ना इकडची ना तिकडची. त्यांना कसलाच दाखला मिळत नाही. माझ्या मागच्या बाकांवर बहुधा तीच जास्त होती.

कायदाही हळूहळूच शिकला. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यात बाबू होता, ‘मतिमंद’ म्हणून. भाचा नव्हताच. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि जुना शब्द जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ आली. शब्द बदलून काय होते, असे विचारणारे भेटतात. इडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे एके काळी डॉक्टरांचे पारिभाषिक शब्द होते. शिव्या ते मागाहून झाले. ‘मतिमंद’चेही तेच झाले आणि नव्या शब्दाचेही होईल कदाचित. तरी बदलावा, निदान पुढची वीस वर्षे बरी जातील.

‘हांव गेल्यार ताका कोण पळयतलो?’ हा काकीचा शेवटच्या वर्षांतला रोजचा प्रश्न. अशा मुलांच्या प्रत्येक आईचा तो असतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्याला कागदोपत्री उत्तर आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशा समितीपुढे अर्ज करून सज्ञान माणसासाठी पालक नेमता येतो. काकी २०१९ मध्ये गेली. तिच्या हयातीत आम्ही तो अर्ज केला नाही. बघू, करू, असे चालले होते. तिला उत्तर न ऐकताच जावे लागले. आता बाबू त्याच्या दादा म्हटल्या जाणाऱ्या धाकट्या भावाकडे असतो, आणि कामे पडली की भाचा धावतो. भाचा त्याला पहिल्यापासून ‘बाबूमामा’ म्हणतो. आमच्या घरात बाबूला नात्याने हाक मारणारा तो पहिला माणूस.

मध्यंतरी बाबूच्या दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. भाच्याला फॉर्म वाचणे जिवावर येते, म्हणून तो म्हापशाहून बोलत होता आणि मी फोंड्यात संगणकापुढे बसून एकेक रकाना वाचून दाखवत होतो. जन्मतारीख झाली, पत्ता झाला. मग आले ‘शिक्षण’. मी ‘निरक्षर’वर बोट ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, ‘मामा, थांब. पंधरा दिवस गेला होता ना तो शाळेत?’

मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिली. पंधरा दिवसांसाठी तिथे पर्याय नव्हता.